सहाव्या मजल्यावरची हवा

१

इमारतीत माणसं किती आहेत हे कळायला मला दाराशी उभं राहून डोकी मोजावी लागत नाहीत. हवा सांगते.

माझा धंदा विजेचा आहे, पण मी वीज तयार करत नाही की विकत नाही. ती वाया कुठे जाते ते शोधतो. कार्यालयांच्या मोठमोठ्या इमारतींत रिकाम्या खोल्यांना दिवसभर थंडगार हवा पाजली जाते आणि भरलेल्या खोल्यांत लोक फायलींनी वारा घेत बसतात. अशा ठिकाणी मला बोलावतात. मी खोलीखोलीत भिंतीवर एक छोटा सेन्सर लावतो. माणसाच्या उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद खोलीत तो कसा वाढतो यावरून आत किती जण असतील याचा अंदाज माझा प्रोग्राम बांधतो आणि तितक्यांपुरतीच हवा सोडतो. खोली रिकामी असेल तर छतातली झडप बंद. सांगायला सोपं आहे, करताना नाकी नऊ येतात.

या इमारतीचं काम मला ताईमुळे मिळालं. ती तिथे चौथ्या मजल्यावर नकाशे विभागात आहे. तिनेच मॅनेजरबाईंच्या कानावर घातलं की माझा धाकटा भाऊ असं असं काम करतो. आणि काम मिळाल्यावर मला दम दिला.

"हे बघ मीटर," ती म्हणाली. मी या धंद्यात पडल्यापासून ती मला मीटरच म्हणते. "मी शब्द टाकलाय... तुझ्यासाठी. नाक कापू... नकोस माझं."

मधलं थांबणं नाटकी नव्हतं. ताईला लहानपणापासून दमा आहे. तिचं कुठलंही वाक्य दोन-तीन तुकड्यांत येतं.

पहिल्या आठवड्यात सगळं मनासारखं झालं. सेन्सर बसले, पडद्यावर खोल्यांच्या रेघा उमटायला लागल्या. माणसांची रेघ मला फार आवडते. ती कधी सरळ नसते. कोणी हसतं, कोणी जिना चढून धापा टाकत येतं, कोणी चहाला उठून जातं, आणि प्रत्येक गोष्टीचा तिच्यावर एक कंगोरा उठतो. पाहायची सवय झाली की अमुक खोलीत आज भांडण झालं हेसुद्धा ओळखता येतं.

एक रेघ मात्र पट्टी लावून आखल्यासारखी होती. सहाव्या मजल्यावरची टोकाची खोली. प्रोग्राम म्हणत होता, आत एक जण आहे. सकाळी होता, दुपारी होता, जेवणाच्या सुट्टीतही होता. मला हसूच आलं. म्हटलं, कोणीतरी कामचुकार वर जाऊन झोपतोय, आपल्या हातून बिचाऱ्याची नोकरी जाणार.

२

इमारतीची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे फ्यूज म्हणायचे. तोंडावरसुद्धा. जरा खुट्ट झालं की उडायचे आणि पाच मिनिटांत पुन्हा जागेवर यायचे.

"माझ्या इमारतीत झोपतंय कोणी?" ते लगेच उडाले. "किल्ली माझ्या कमरेला आहे साहेब. झोपायचंच झालं तर मी झोपीन, दुसऱ्याला कशाला झोपवू?"

आम्ही दोघे वर गेलो. टोकाची खोली पूर्वी नमुने ठेवायची होती: फरशांचे, दगडांचे, काचांचे. आता तिथे एकावर एक चढवलेल्या खुर्च्या होत्या, एक लांब टेबल होतं आणि समोर मोठी बंद खिडकी. जमिनीवर धुळीचा थर होता आणि सेन्सर लावताना उमटलेली माझी पावलं सोडली तर त्यावर एकही पाऊल नव्हतं. सेन्सर भिंतीवर आपला हिरवा दिवा लावून शहाण्यासारखा बसला होता.

"बघा," फ्यूज म्हणाले. "आहे कोणी? तुमचं यंत्र पिऊन आलंय."

मी मान डोलावली. एक गोष्ट मात्र मला खटकली. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीला धुळीचा, कागदाचा, कुबट वास येतो. इथे तसा वास नव्हता. इथली हवा वापरातली होती. बैठक संपून माणसं बाहेर पडल्यावर त्या खोलीत आपण शिरलो की कशी जराशी उबदार, जड हवा लागते, तशी.   आणि दार उघडताना फ्यूजनी ते ढकललं होतं, आणि लावताना अगदी हळू लावलं.

मी काही पहिल्या फटक्यात हात टेकणारा माणूस नाही. सेन्सर बदलला. दुसऱ्या मजल्यावरचा, पहिल्या दिवसापासून चोख चाललेला सेन्सर आणून तिथे लावला. तीच सरळ रेघ. वरचा काढून खाली नेला, तर तो तिथे अगदी बरोबर माणसं मोजायला लागला. भिंतीतून, छतातून शेजारची हवा येते का तेही धूर सोडून पाहिलं. येत नव्हती. शेजारच्या खोल्या तशाही रिकाम्याच होत्या.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं. एखादा सेन्सर पटणार नाही असं काही सांगायला लागला आणि कारण सापडेना, की आम्ही त्याला बिघडलेला ठरवतो. प्रोग्रामला सांगतो, याचं ऐकू नकोस, याच्याऐवजी शेजारच्या खोल्यांची सरासरी धर. सगळेच करतात. शेकडो सेन्सरांत चार-दोन वेडे निघणारच, आणि प्रत्येकाची मनधरणी करत बसलं तर इमारत कधी पुरी होणार?

शेजारच्या खोल्यांची सरासरी शून्य होती. मी तसं लिहिलं. प्रोग्रामच्या लेखी टोकाची खोली रिकामी झाली आणि तिच्या छतातली झडप बंद झाली. मला बरं वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी त्याच मजल्यावरच्या मधल्या खोलीत एक माणूस दिसायला लागला. सरळ रेघ.

मी चिडलो. तिथेही फेरी मारली, कोणी नव्हतं, आणि ते वेडं प्रकरणही मी सरासरीत बुडवलं. झडप बंद. मग जिन्याजवळच्या खोलीत रेघ आली. मग पाचव्या मजल्यावर. दर वेळी मी तेच करत गेलो. सेन्सरांची ही पेटीच खराब निघाली असं मी मॅनेजरबाईंना ठासून सांगितलं आणि विकणाऱ्याला एक खरमरीत पत्रही लिहिलं. मी एकेका खोलीची हवा बंद करतोय आणि काहीतरी हवेच्या मागे मागे खाली उतरतंय, हे मला तेव्हा सुचलं नाही. आपल्या कामात शहाणा असलेल्या माणसाला अशा गोष्टी सुचत नाहीत.

शेवटी इमारतीतल्या सगळ्या रिकाम्या खोल्या बंद झाल्या. हवा आता फक्त जिथे माणसं होती तिथेच सुटत होती, आणि माझं काम नेमकं तेच होतं. ती सरळ रेघ एक दिवस कुठेच दिसली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग नकाशे विभागाचा आकडा चुकला. ताईची खोली इमारतीच्या पोटात आहे, तिला खिडकी नाही. आत तिघं बसतात, ताई आणि तिचे दोन सहकारी. प्रोग्राम म्हणाला, चार.

मी मुद्दाम खाली जाऊन पाहिलं. तिघंच होते.

"चार?" ताई हसली. हसण्याने तिला ढास लागली. तिने पर्समधून पंप काढला, म्हणजे दम्याचं औषध ओढायचा तो छोटा निळा पंप, आणि त्याचं टोपण काढून टेबलावर उलटं उभं केलं. आडवं ठेवलं की ते घरंगळून टेबलाखाली जातं, म्हणून तिची ही शाळेपासूनची सवय. औषध ओढून झाल्यावर म्हणाली, "माझाच... डबल धरत असेल. मी एकटीच... दोघांची हवा खाते ना."

तिचे सहकारी हसले. मीही हसलो.

लहानपणी आम्ही दोघं एका खोलीत झोपायचो. ताईचा श्वास मला पाठ होता: एक आखूड, दुसरा आखूड, मग एक लांब, आणि त्या लांबाच्या शेवटी बारीकशी शिट्टी. ती ऐकल्याशिवाय मला झोप लागायची नाही. कधी तिचा दम कोंडला की ती उठून खिडकीशी जायची, काचेला कपाळ टेकून उभी राहायची आणि विचारायची, "आहेस ना रे?" मी अंथरुणातून म्हणायचो, "आहे." बस, एवढंच. मला काय येत होतं तेव्हा? पण ती म्हणायची की त्याने श्वास सुटतो.

"तुला त्रास होतोय का इथे?" मी विचारलं. "हवा वाढवू?"

"एवढी काळजी... तर चौथा कोण ते शोध," ताई म्हणाली. "त्याच्याकडून... नकाशे काढून घेऊ."

४

तिच्या खोलीचा आकडा आपोआप सरळ झाला. एका दुपारी चाराचे तीन झाले आणि तीनच राहिले. मी काही केलं नव्हतं, पण श्रेय मीच घेतलं.

महिन्याचं वीजबिल आलं तेव्हा मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं. बिल इतकं उतरलं होतं की त्यांनी आधी मीटर वाचणाऱ्यालाच फोन केला होता. मालकांच्या आणखी इमारती होत्या, त्या सगळ्या मला द्यायचं त्यांच्या मनात होतं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फारसं कोणी लागत नाही, आणि त्या दिवशी तर मी शेंड्यावरच होतो.

पण खरा आनंद वेगळाच होता. ताईचा दमा गेला.

गेला म्हणजे साफ गेला. लिफ्ट सोडून ती जिन्याने यायला लागली. पंपाला हात लावेना. डॉक्टरांनी छाती तपासून तोंडात बोट घातलं. घरी आई तर रडायचीच बाकी होती. "किती वर्षांनी गं पोरीला अशी शांत झोप लागतेय," ती म्हणायची. "बाहेरून कान दिला तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

ताई सगळ्यांना सांगत सुटली की ही माझ्या हवेची करामत आहे. "आमच्या मीटरने अशी काही हवा खेळती केली आहे की माझी छातीच मोकळी झाली आणि आता मला कशाचाच त्रास होत नाही उलट पूर्वी मी कशी जगत होते याचंच आश्चर्य वाटतं."

मी खूश होऊन ऐकत होतो. ताईने एवढं लांब वाक्य कुठे न थांबता म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

तिने पंप माझ्या हातात दिला. "टाकून दे कुठेतरी." मला तो टाकवेना. मी खिशात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

५

ताईचे दोन्ही सहकारी रजेवर होते तो दिवस. मी तळमजल्यावर पडद्यासमोर बसून अहवालाची जुळवाजुळव करत होतो. सहज नकाशे विभागाची रेघ उघडली. आत एक जण. बरोबर.

रेघ सरळ होती.

मी जवळ जाऊन पाहिली, मोठी करून पाहिली. कंगोरा नाही, खळगा नाही. ताई एकटी असली की तिची रेघ कशी असते हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. खोकल्याचे दात असतात, दार उघडून बाहेर जाऊन आल्याचे खड्डे असतात, फोनवर आईशी वाद घातल्याचे डोंगर असतात. हिच्यात यातलं काही नव्हतं. ही रेघ मी आधी पाहिली होती. टोकाच्या खोलीत, मधल्या खोलीत, जिन्याजवळ. माणूस आपल्या ओळखीच्याचं अक्षर ओळखतो, तशी मी ती ओळखली.

मी स्वतःला समजावलं. दमा गेला, खोकला गेला, तर दात कुठून येणार? निरोगी माणसाची रेघ सपाट असणारच. माझी स्वतःची कुठे सपाट आहे, हा प्रश्न मी बाजूला सारला आणि चौथ्या मजल्यावर गेलो.

खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत काळोख होता. इथले दिवेही मीच बसवले आहेत. माणूस हलला की लागतात, बराच वेळ कोणीच हललं नाही की विझतात. मी दार उघडलं तसे ते लागले.

ताई खुर्चीत बसलेली होती. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर पालथे. समोरचा संगणक कधीचा झोपी गेला होता. तिच्या पापण्या उघड्या होत्या.

"अंधारात काय करतेस?" मी विचारलं. माझा आवाज मला आवडला नाही.

तिने मान वळवली आणि हसली. ताईचंच हसू. "काही नाही रे जरा बसले होते अंधार कधी झाला ते कळलंच नाही तू जेवलास का आई म्हणत होती तू हल्ली वेळेवर जेवत नाहीस."

मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. ती श्वास घेत होती, छाती हलत होती. वर, खाली. वर, खाली. सगळे सारखे. आखूड नाही, लांब नाही, शिट्टी नाही.

"जेवलो," मी म्हणालो. मी जेवलो नव्हतो.

६

बिघडलेला म्हणून बाजूला काढलेला सेन्सर बंद पडत नाही. प्रोग्राम त्याचं ऐकत नाही, इतकंच. तो बापडा बोलत राहतो आणि त्याचं बोलणं कुठेतरी साठत राहतं. इतक्या दिवसांत ते उघडून पाहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. आता खाली येऊन उघडलं.

टोकाच्या खोलीची सरळ रेघ मी झडप बंद केली त्या दिवशी संपली होती. त्यानंतर काही नाही, खरोखरची रिकामी खोली. आणि मग, ताईच्या खोलीत चाराचे तीन झाले त्याच दुपारी, तिथे पुन्हा एक माणूस सुरू झाला होता.

ही रेघ वेडीवाकडी होती. दात, खड्डे, एखादा डोंगर. आणि ती दिवसेंदिवस बारीक होत गेली होती, कारण त्या खोलीत हवाच येत नव्हती. मी बंद केली होती.

मी सरासरी पुसली, झडप पूर्ण उघडायची आज्ञा दिली आणि जिन्याकडे धावलो.

टोकाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत फ्यूज शिडीवर चढलेले, हातात पत्र्याचा तुकडा, छतातल्या हवेच्या तोंडावर तो ठोकायच्या बेतात.

"थांबा!" मी ओरडलो.

"अहो, पडलो असतो ना मी!" ते उडाले. "तुमच्याच कामाला आलोय. बाई म्हणाल्या, सहावा मजला कायमचा बंद करा. एवढ्यात ही झडप आपोआप उघडली, धूळ सगळी माझ्या डोळ्यांत."

"मी उघडली. पत्रा लावू नका. सेन्सर बरोबर होता, माझंच चुकलं."

"म्हणजे आहे इथे कोणी?" त्यांनी थट्टेत विचारलं. मी शिडी धरली. ते माझ्याकडे बघत खाली उतरले आणि शिडी न घेताच निघून गेले. जाताना त्यांनी दार पुन्हा तसंच हळू ओढून घेतलं.

७

बाहेर सकाळपासून ढग आणि गारठा होता. छतातून हवा सुटल्याचा घोंगावता आवाज येत होता. मी खुर्च्यांच्या आणि टेबलाच्या मधे उभा होतो आणि मला अतिशय मूर्ख वाटत होतं. मी शिकलेला माणूस. माझ्या नावामागे दोन पदव्या आहेत. मी एका रिकाम्या खोलीत माझ्या बहिणीला शोधत होतो, आणि बहीण दोन मजले खाली धडधाकट बसली होती.

हवेचा आवाज जरा सौम्य झाला तेव्हा खिडकीकडे माझी नजर गेली.

गार काचेवर, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा एक डाग होता. तो आक्रसत गेला, जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग थोडासा वाढला. पुन्हा थोडासा. मग बराच मोठा झाला आणि सावकाश ओसरला. त्याच्या जरा वर धुळीत एक पुसट, गोलसर जागा पुसली गेली होती. कपाळ टेकल्यावर पुसली जाते तेवढी.

आखूड. आखूड. लांब.

मी श्वास रोखून ऐकलं. लांबाच्या शेवटी बारीकशी शिट्टी होती.

मला रडू आलं. मी काचेजवळ जायला पाऊल उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"इथे काय करतोस एकटाच?"

ताई दार उघडून उभी होती. जिने चढून आली होती आणि धाप म्हणून लागली नव्हती. चौकटीच्या आत तिने पाय टाकला नाही. चपलेचं टोक अगदी उंबऱ्याला लागलेलं होतं, त्याच्या एक इंचही पुढे नाही.

"सेन्सर बघतोय," मी म्हणालो.

"किती वीज जाते रे या रिकाम्या खोलीत तूच म्हणतोस ना रिकाम्या खोलीला हवा देणं हे पाप आहे मग बंद कर ना." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणे कधी जातील याची वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा नम्र चेहरा होता. "बंद कर ना मीटर."

माझ्या पाठीमागे शिट्टी थांबली. मी वळून पाहिलं. काचेवरचा डाग होता तेवढाच राहिला होता, वाढत नव्हता, ओसरत नव्हता. श्वास धरून ठेवला होता.

"करतो," मी म्हणालो.

"आणि माझा पंप कुठे आहे?"

"टाकला."

"बरं केलंस," ती म्हणाली, वळली, आणि एकसारखी पावलं टाकत खाली गेली.

मी खिशातून पंप काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टोपण घट्ट लावलेलं होतं. खोलीच्या दाराला मी माझं कुलूप घातलं.

८

मॅनेजरबाईंना मी सांगितलं की सहाव्या मजल्याचं गणित पुन्हा करावं लागेल, टोकाची झडप तोवर उघडी राहू द्या. त्यांना ते आवडलं नाही. बाकीच्या इमारतींचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आहे: त्या खोलीत हवा राहिली पाहिजे. पुढे काय करायचं, जे खाली आहे ते बाहेर कसं काढायचं, वर आहे ते परत कसं आणायचं, मला माहीत नाही. हवा कशी द्यायची आणि कशी तोडायची, एवढंच मी शिकलोय.

घरी ताई माझ्या पानात वाढते. "केलीस का बंद?" असं विचारते. मी म्हणतो, "आज करतो." आई दोघांकडे कौतुकाने पाहते. तिला वाटतं आम्ही कामाचं बोलतोय. रात्री भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही आणि मला झोप लागत नाही.

आज दुपारी वर आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. कट्ट्यावर पंप होता. टोपण काढलेलं होतं आणि पंपाच्या शेजारी उलटं उभं केलेलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसलो. काचेवर डाग होता, कालच्यापेक्षा मोठा. आखूड, आखूड, लांब. येताना मी नवा पंप आणला होता, तोही कट्ट्यावर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरबाई होत्या.

"अहो, तुमच्या ताई आत्ता माझ्याकडे येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "त्याच म्हणाल्या की सहाव्या मजल्याचं काम झालंय, तुम्ही सांगायला लाजताय. किती काळजी आहे हो त्यांना तुमची! मी फ्यूजना वर पाठवलंय, पत्रा घेऊन. ताईही त्यांच्याबरोबर येतायत."

मी फोन ठेवला. जिन्यावर फ्यूजची धाप ऐकू येत होती. त्यांच्यासोबत दुसरीही पावलं होती, एकसारखी, न थकणारी. दाराला आतून जुनी कडी होती. ती मी घातली, टेबल ओढून दाराला लावलं आणि त्याला पाठ देऊन बसलो.

खिडकीपाशी श्वास धरला गेला होता.

"आहे," मी म्हणालो. "मी आहे, ताई."

बाहेरून कोणीतरी दारावर हलकेच टकटक केलं. माझ्यासमोर काचेवर डाग हळूहळू पसरायला लागला, मोठा झाला, आणि शेवटी बारीकशी शिट्टी वाजली.